रिपोर्ट चांगला, पाय जळतात

पेट स्कॅनचा रिपोर्ट चांगला आला आणि त्यानंतर माझे पाय जास्त दुखायला लागले. हे वाक्य मी अनेकांना सांगितलं. बहुतेकांनी त्यातला पहिला भागच ऐकला. ह्यांनी ऑफिसात पेढे वाटले, मुलगी सुट्टी काढून पुण्याहून आली, शेजारच्या काकूंनी बोललेला नवस फेडला. आनंद खरा होता आणि तो मलाही झाला होता. पण रात्री दिवे मालवले की तळव्यांची आग सुरू व्हायची. पांघरुणाची कड अंगठ्याला लागली तरी कळ थेट पोटरीपर्यंत जायची. औषधं संपली, गाठी विरल्या, मग हे वाढतंय कशानं? मला वाटायचं, आजारच दुसऱ्या वाटेनं परत आला असणार.

मी कराडला एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. मला झाला होता तो लिम्फोमा, रक्ताच्या कर्करोगांपैकी एक. पूर्ण नाव डिफ्यूज लार्ज बी-सेल लिम्फोमा. मानेतल्या गाठीवरून निदान झालं आणि मुंबईला उपचार ठरले: आर-चॉप नावाचा पाच औषधांचा संच, दर २१ दिवसांनी एक केमो. केस गेले, तोंड आलं, लाल औषधानं लघवी लाल झाली. या सगळ्याची कल्पना आधी दिलेली होती. छापील पत्रकात शेवटाकडे ‘हातापायांना मुंग्या येणे’ अशीही एक ओळ होती. तेवढ्या ओळीवरून पुढचं काही कळणं शक्यच नव्हतं.

पहिल्यांदा बिघडलं ते पोट. शौचाला होईना, जबडा दुखायचा, घास चावताना कानाखाली कळ यायची. हेही नसांचंच काम आहे हे तेव्हा कुणाला सुचणार? आतड्यांना हालवणाऱ्या नसांवरही त्या पाचांपैकी एका औषधाचा परिणाम होतो. मग बोटांची टोकं गेली. गेली म्हणजे होती तिथंच, पण ब्लाउजचा हुक चिमटीत धरला की तो धरलाय का निसटलाय हे बोटांना कळेना. डोळ्यांनी बघून लावावा, तर पुढचे दोन लागायचे आणि तिसरा लावताना पहिला सुटायचा. सकाळी शाळेची वेळ असती तर मी रडलेच असते. शेवटी सासूबाई लावून द्यायला लागल्या. काही न बोलता त्या समोर यायच्या आणि हुक लावून परत देवाची भांडी घासायला बसायच्या.

उपचार निम्मे झाले असताना एका तरुण निवासी डॉक्टरांनी मला विचारलं, “मॅडम, हुक, बटणं स्वतः लावता का?” तोवर प्रत्येक वेळी विचारलं जायचं ते ‘मुंग्या येतात का’ एवढंच, आणि त्याचं उत्तर ‘थोड्या येतात’ असं व्हायचं. या प्रश्नाला मात्र ‘थोडे लावते’ असं उत्तर देता येत नाही. मी सांगितलं, लागत नाहीत, सासूबाई लावतात. त्यांनी टाचेवर हातोडी मारून बघितली, फाइलवर काहीतरी लिहिलं, मोठ्या डॉक्टरांना बोलावलं, आणि पुढच्या केमोला पाचांपैकी एका औषधाचा डोस निम्मा झाला. मी घाबरले. डोस कमी म्हणजे बरं होण्याची शक्यताही कमी, असाच माझा हिशोब होता. वॉर्डात असे कितीतरी होते, पाय लाकडासारखे झाले तरी बोलायचे नाहीत, औषध बंद करतील म्हणून. डॉक्टर म्हणाले, “बाकीची चार औषधं पूर्ण चालू आहेत. हे असंच रेटलं तर उद्या तुमचं पाऊल उचलणार नाही.” माझं आता ठाम मत आहे की नसांचं दुखणं बोलायची वेळ हीच असते, केमो चालू असतानाची. डोसचा नळ तेव्हाच हातात असतो.

ज्याचा डोस कमी केला ते व्हिंक्रिस्टीन. लहानशी पिशवी, काही मिनिटांत संपायची. नर्स तेवढा वेळ जागच्या हलायच्या नाहीत, कारण ते शिरेबाहेर गेलं तर आतलं मांस जळतं. सगळे धास्ती घ्यायचे लाल औषधाची. या पाण्यासारख्या औषधाकडे कुणाचं लक्ष नसायचं. ते निघतं सदाफुलीतून. आमच्या शाळेच्या कंपाउंडला सदाफुलीची रांगच आहे, आणि सासूबाई साखरेवर उपाय म्हणून तिची फुलं चावून खायच्या, ते डॉक्टरांनी बंद करायला लावलं. गंमत नाही, या औषधाचा शोधही तसाच लागला. जमैकात मधुमेहावर सदाफुलीच्या पानांचा काढा घेत. १९५०च्या दशकात ती पानं कॅनडात रॉबर्ट नोबल यांच्या प्रयोगशाळेत पोचली. साखर उतरली नाही, पण प्रयोगातल्या उंदरांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी एकदम कमी झाल्या. नोबल आणि चार्ल्स बिअर यांनी १९५८ मध्ये त्यातून व्हिन्ब्लास्टीन वेगळं केलं. त्याच झाडातलं व्हिंक्रिस्टीन १९६३ पासून अमेरिकेत वापरात आलं. लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगात त्यानं किती जीव वाचवले, हे वाचल्यावर त्या झाडावर रागावणं मला जमलं नाही.

पण करतं काय ते? पेशी दुभंगताना तिच्या आत अतिसूक्ष्म नळ्या उभ्या राहतात. व्हिंक्रिस्टीन त्या उभ्या राहू देत नाही, त्यामुळे कर्करोगाची पेशी दुभंगता दुभंगता मरते. चेतापेशी दुभंगत नाहीत, म्हणून त्या सुटायला हव्यात. पण त्यांनाही याच नळ्या लागतात, दुसऱ्या कामासाठी. पायाच्या अंगठ्याची जाणीव वर नेणाऱ्या पेशीचा मुख्य भाग असतो कमरेत, मणक्याशेजारी. तिथून तिचा तंतू अंगठ्यापर्यंत जातो, जवळजवळ मीटरभर. तंतूला लागणारं सगळं कमरेत तयार होतं आणि या नळ्यांवरून वाहून नेलं जातं. आमच्या भागात कालव्याच्या टेलच्या शेतकऱ्याला विचारा: वर कुठंही फुटलं तरी पाणी तुटतं ते आधी त्याचं. नसांचंही तसंच. जिथवर तंतू सगळ्यात लांब जातात ती हातापायांची टोकं आधी उपाशी राहतात. म्हणून हे दुखणं मोजे आणि हातमोजे जेवढं झाकतात तेवढ्यातच असतं.

मी वर्षानुवर्षं फळ्यावर चेतापेशी काढत आले आहे. वृक्षिका, पेशीकाय, मग वीतभर लांब अक्षतंतू, आणि शेवटी फाटे. मुलं नावं पाठ करतात, दोन मार्क मिळवतात. त्या वीतभर रेघेत इतकी वाहतूक चालते याचा विचार मीही यापूर्वी केला नव्हता.

औषध थांबल्यावर दुखणं का वाढलं, याचं उत्तर मला न्यूरॉलॉजिस्टकडे मिळालं. कॅन्सरच्या ओपीडीत गाठ, रक्त, स्कॅन एवढं बघून पुढची तारीख मिळायची. बाहेर जिन्यापर्यंत रांग असताना तिथल्या डॉक्टरांकडून आणखी वेळ कसा मागणार? न्यूरॉलॉजिस्ट म्हणाले, औषध शरीरातून गेलं तरी तंतूंची पडझड काही आठवडे, कधी काही महिने चालू राहते, मग थांबते, आणि त्यानंतर भरून यायला सुरुवात होते. हे आजार परत आल्याचं लक्षण नाही. ते ऐकून मी त्या रात्री, पाय जळत असतानाही, झोपले. मला एवढंच वाटतं की हे एक वाक्य शेवटच्या केमोच्या दिवशी डिस्चार्ज कार्डावर लिहून द्यावं. त्याला वेळ लागत नाही, पैसे लागत नाहीत.

त्यांची तपासणी मला अजून बारकाईनं आठवते. त्यांनी टेबलाच्या खणातून नादकाटा काढला. ध्वनीचा धडा शिकवताना मी तो रबरी ठोकळ्यावर आपटून मुलांच्या कानाशी नेते, त्याची भुजा पाण्याला टेकवून शिंतोडे उडवून दाखवते. आमच्या प्रयोगशाळेतले २५६ आणि ५१२ हर्ट्‌झचे. यांचा १२८चा, जाडजूड. “डोळे मिटा. थरथर कळली की सांगा, थांबली की सांगा.” मी डोळे मिटून वाट बघत बसले. बराच वेळ काहीच झालं नाही. मला वाटलं, त्यांनी अजून लावलाच नाही. डोळे उघडले तर नादकाटा माझ्या अंगठ्याच्या हाडावर टेकवलेला होता आणि त्याचा बारीक घूं असा आवाज मला स्पष्ट ऐकू येत होता. घोट्याच्या हाडावर अंधुक कळलं. गुडघ्यावर टेकवला तेव्हा सगळा पाय थरारला. कान शाबूत, गुडघा शाबूत, आणि अंगठा नुसता बघत होता.

मग त्यांनी मला पाय जुळवून उभं केलं आणि डोळे मिटायला सांगितले. मी एका बाजूला कलंडले, त्यांनी धरलं. तेव्हा कळलं, न्हाणीघरात तोंडाला साबण लावला की माझा तोल का जायचा. पाऊल कुठं आहे, कसं टेकलंय, ही खबर पायाकडून येईनाशी झाली होती आणि ते काम डोळे करत होते. डोळे मिटले की दोन्ही खबरा बंद. रात्री वीज गेली की मी भिंत धरून चालायचे, ते भीतीमुळे नव्हे तर याच कारणामुळे.

नसांमधून विजेचे झटके देऊन करतात ती एनसीव्हीची चाचणीही झाली. कागदावर आलेख आला, ‘सेन्सरी’ वगैरे लिहून आलं. तो कागद मी घरी सगळ्यांना दाखवला. दुखणं कुणाला दिसत नसतं तेव्हा असा एक कागदही फार मोठा आधार असतो. पण डॉक्टरांनी हेही सांगितलं की आग, चटके, टाचण्या हे काम ज्या अगदी बारीक नसांचं असतं त्या या चाचणीत दिसतच नाहीत. चाचणी कोरी आली म्हणून दुखणं खोटं ठरत नाही. ही माहिती मी मुद्दाम लिहिते आहे, कारण ‘रिपोर्ट नॉर्मल आहे’ म्हणून घरच्यांनी गप्प बसवलेल्या बायका मला नंतर भेटल्या.

गोळ्यांचं सांगते. नेहमीच्या वेदनाशामक गोळ्या या दुखण्यावर फारशा चालत नाहीत, कारण इथं सूज नाही, जखम नाही. तारच चुकीची खबर देते आहे. मला ड्युलोक्सेटिन सुरू केलं, आठवडाभर ३० मिलिग्रॅम, मग ६०. भाच्यानं मोबाइलवर बघून सांगितलं, “मामी, ही तर डिप्रेशनची गोळी आहे.” घरात एकदम शांतता. ह्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, तुला मनातून काही होतंय का. मी न्यूरॉलॉजिस्टना विचारलं आणि त्यांनी नीट समजावलं: मेंदूकडून मज्जारज्जूत खाली येणारी एक व्यवस्था असते, ती वर जाणाऱ्या वेदनेच्या खबरा दाबते, ही गोळी त्या व्यवस्थेला बळ देते. नैराश्यावरचा तिचा उपयोग वेगळा, हा वेगळा. २०१३ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत केमोमुळे नसा दुखणारे २३१ रुग्ण होते. गोळी घेणाऱ्यांपैकी ५९ टक्क्यांना वेदना काही ना काही कमी झाली, औषध नसलेली दिखाऊ गोळी घेणाऱ्यांपैकी ३८ टक्क्यांना. त्यांची केमोची औषधं माझ्याहून वेगळी होती, हेही डॉक्टरांनी लपवलं नाही. अमेरिकेतल्या कर्करोगतज्ज्ञांच्या संघटनेनं या वेदनेसाठी शिफारस केलेलं हे एकच औषध आहे, आणि तीही माफक शब्दांत.

आकडे वाचून मी हिरमुसले होते. प्रत्यक्षात पहिले काही दिवस नुसती मळमळ झाली. मग एका सकाळी लक्षात आलं की रात्री पांघरूण पायावरच होतं. आग गेली नव्हती, पण दहापैकी सातवरून चारवर आली होती, आणि चारवर झोप लागते. पुढं रात्रीची प्रीगॅबालिनही जोडली. तिनं सकाळी डोकं जड व्हायचं आणि घोट्यावर सूज यायची, म्हणून ती कमीच ठेवली. बी-१२ तपासलं, कमी निघालं, त्याची इंजेक्शनं झाली. आमच्या शाकाहारी घरात ते कमी निघणं साहजिक, आणि नसा आधीच दुबळ्या असताना ती कमतरता राहू देणं बरं नव्हे. बधिरपणावर मात्र यातल्या कशाचाच उपयोग झाला नाही. गोळी वेदना कमी करते, तंतू उगवून देत नाही. तो आपल्या गतीनं उगवतो, चांगल्या परिस्थितीत दिवसाला साधारण एक मिलिमीटर. मी फूटपट्टीवर ते अंतर बघितलं आणि मग कमरेपासून अंगठ्यापर्यंतचं अंतर मनात धरलं. घाई करण्यात अर्थ नव्हता.

चपलांनी मला सगळ्यात जास्त छळलं. आपण दारात चपला काढणारी माणसं. मला सांगितलं होतं, घरातही एक पाऊल अनवाणी टाकायचं नाही. पायाला टाचणी टोचली, निखारा लागला, तरी कळणार नाही. रात्री आरशानं तळवे बघायचे. एकाच पायात आग आणि बधिरपणा एकत्र कसे राहतात, याचं मला अजूनही नवल वाटतं. नसलेला विस्तव जाळतो आणि असलेला कळत नाही. बाजारातली साधी स्लीपर पायातून सुटली तरी मला कळायचं नाही. एकदा ओट्यापासून दारापर्यंत आले आणि मागं बघितलं तर ती ओट्याशीच पडली होती. फिजिओथेरपिस्टनी मागं पट्टा असलेली एमसीआर रबराची चप्पल घ्यायला सांगितली. हे मऊ रबर आपल्या देशात कुष्ठरोग्यांच्या पायांसाठी वापरात आलं. वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी दाखवून दिलं होतं की कुष्ठरोग्यांची बोटं सडून गळत नाहीत; वेदना कळत नसल्यानं रोजच्या कामात ती जखमी होत होत झिजतात. मी शाळेच्या सहलीबरोबर वरोऱ्याला आनंदवनात गेले होते, तिथल्या माणसांचे हातपाय बघितले होते. ती चप्पल पायात घालताना त्यांची आठवण झाली आणि मला लाज वाटली नाही, आधार वाटला. माझ्या पायांची काळजी कशी घ्यायची, ते त्यांच्या पायांनी आधीच शिकवून ठेवलं होतं.

देवघरापुढे चप्पल घालून उभं राहायचं कसं, हा प्रश्न सासूबाईंनी सोडवला. त्या म्हणाल्या, “अगं, देवाला तुझे पाय हवेत का चप्पल? घाल.” आणि दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, “मलाही तसलीच आण.” त्यांना मधुमेह जुना. ‘पायांची आग होते गं’ हे वाक्य आमच्या घरात कित्येक वर्षं रोज संध्याकाळी ऐकू यायचं. सवयीनं ते कुणाला ऐकू येईनासं झालं होतं. आता आम्ही दोघी रात्री पाय लांब करून बसतो. आज कुठवर आहे, त्या विचारतात. घोट्यापर्यंत, मी म्हणते. त्यांची पोटरीपर्यंत असते. काशाच्या वाटीनं त्या माझ्या तळव्यांना तूप चोळतात. काही रात्री बरं वाटतं, काही रात्री स्पर्शच सोसत नाही, मग त्या मुकाट वाटी बाजूला ठेवतात. गरम पाण्यात मीठ घालून पाय बुडवायचा सल्ला आम्हाला दोघींनाही दहा जणांनी दिलाय. तो आम्ही पाळत नाही, कारण पाणी किती गरम आहे हे आमच्या पायांना कळत नाही. आंघोळीचं पाणीही कोपरानं बघायचं. सासूबाईंनाही मी त्याच न्यूरॉलॉजिस्टकडे नेलं. त्यांच्या अंगठ्यालाही नादकाटा कळला नाही.

शाळेत परतले तेव्हा खडू हातातून पडायचा. मुलं उचलून द्यायची, मग एकीनं खडूला कागदाची जाड गुंडाळी करून दिली, ती धरता येते. मुख्याध्यापकांनी उंच स्टूल दिलं आणि माझे तास तळमजल्यावर घेतले. मी मागितलं म्हणून दिलं, आणि मागताना दुखण्याचं नाव घेतलं म्हणून दिलं. प्रयोगशाळेत तापलेली परीक्षानळी मी आता धरत नाही. एकदा बोटावर फोड आला तो मला वासानं कळला. आता नळी मुलं धरतात, मी बघते. फिजिओथेरपीचे व्यायाम ओट्याला धरून करते: एका पायावर उभं राहणं, टाचेपुढं टाच ठेवत चालणं. संध्याकाळी प्रीतिसंगमावर ह्यांचा हात धरून फिरते, घाटाच्या पायऱ्या मात्र टाळते. हल्ली डाव्या पायाचा घोटा नादकाट्याला नीट उत्तर देतो. अंगठा अजून नाही.

मुंबईच्या वॉर्डातल्या एका नर्सबाईंनी माझा नंबर पाटणकडच्या एका तरुण शेतकऱ्याला दिला. त्यालाही हाच आजार, हेच औषध, अर्धे उपचार बाकी. परवा फोन केला तर म्हणाला, “सगळं ब्येस आहे बाई, थोड्या मुंग्या येत्यात फक्त.” मी विचारलं, शर्टाची बटणं कोण लावतं? थोडा थांबून म्हणाला, मंडळी लावते. विळा धरवतो का? न्हाई. चप्पल पायातनं सुटल्याली कळती का? त्यानं बायकोला हाक मारली आणि तिला विचारलं. ती मागून बोलली, कवाच न्हाई कळत, मीच आणून देते. मी म्हटलं, हे तिन्ही एका कागदावर लिही, आत्ता, मी फोनवर आहे तोवर, आणि पुढच्या केमोच्या आधी सुई लावायच्या अगोदर डॉक्टरांच्या हातात दे. तो पेन शोधायला उठला.